प्रवासाच्या दिवशी न घेतलेली गोळी

माझ्या पोटावर चार खुणा आहेत. सगळ्यात मोठी बोटाच्या एका पेराएवढी, बाकीच्या तीन त्याहून बारीक. अठ्ठावीस वर्षं मी नांदुऱ्यात मुलींना शिवण शिकवलं, त्यामुळे टाक्यांमधलं मला कळतं, आणि काम सफाईदार झालंय हे मी कुणी न विचारताही सांगते. पण या चार खुणांपर्यंत पोचायला मला तीन महिने लागले आणि हा सगळा उशीर ही माझ्या एकटीची कर्तबगारी. तेवढ्यासाठीच हे लिहितेय. ज्यांचं हृदय थकलेलं आहे आणि ज्यांना 'दुर्बिणीचं तर ऑपरेशन, त्यात काय' असं ऐकावं लागतंय, त्यांनी हे वाचावं. औषधांची नावं आणि मात्रा मी लिहिणार नाही. त्या तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि ते तुम्हाला काही विचारतील तेव्हा खरं बोला.

थोडं बीपी

हृदयाचं दोन वर्षांपूर्वी कळलं. आडवं झालं की खोकला यायचा. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला. खामगावच्या डॉक्टरांनी तपासून 'हार्ट फेल्युअर' म्हटलं, तेव्हा मी विचारलं, "मग मी अशी बसलेय कशी?"

ते हसले. "बंद नाही पडलं मॅडम, थकलंय. पंपिंग कमी झालंय."

मीठ कमी, पाणी मोजून, आणि गोळ्या पाच. त्यातली एक पाण्याची. अंगात साठलेलं पाणी ती लघवीवाटे बाहेर काढते. इतकी कामसू गोळी, की घेतल्यावर दोन-अडीच तास माणसाने घर सोडू नये.

घरात मी एकटीच. हे जाऊन नऊ वर्षं झाली, आम्हाला मूल नाही. जवळचं माणूस म्हणजे माझे धाकटे दीर, दिलीपभाऊजी. कोर्टात नोकरी करून निवृत्त झाले, बुलढाण्याला असतात. त्यांना मी एवढंच सांगितलं, "थोडं बीपी आहे." माझे यजमान गेले तेही हृदयानेच. तोच शब्द त्या घरात पुन्हा न्यावा असं वाटेना. दुसरं कारण जास्त खरं आहे. कळलं असतं तर भाऊजींनी मला उचलून बुलढाण्याला नेलं असतं, आणि मला माझ्या मशीनसमोर, माझ्या खिडकीत बसायचं होतं. म्हणून गप्प बसले. मग कधी कधी संध्याकाळी खिडकीत बसून वाटायचं की कुणीतरी विचारावं, खरंच बीपीच आहे ना? पण जे आपण सांगितलंच नाही, ते कोण विचारणार.

भोकं लहान

पोटाचं दुखणं जेवणानंतर सुरू झालं. उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि पाठीत शिरायची. मला वाटलं, हृदयच. पण सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले.

ऑपरेशनसाठी बुलढाणा ठरलं. भाऊजींकडून डबा येईल हा हिशेब, आणि तिथल्या त्या दवाखान्यात दर मंगळवारी बाहेरगावाहून हृदयाचे डॉक्टर येत. सर्जन तरुण होते. त्यांनी कागदावर पित्ताशयाची पिशवी काढून दाखवली.

"ही काढावी लागेल. आत पू झाला तर घाईघाईत काढावी लागेल, आणि तुमच्या हृदयाला घाई झेपणार नाही. दुर्बिणीने करू. पण जागा व्हावी म्हणून पोटात गॅस भरावा लागतो. तो खालून छातीला दाबतो. तेवढा वेळ हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. धडधाकट माणसाला ते समजतही नाही."

"आणि मला?"

"तुमचं हृदय ते सोसेल की नाही, हे आधी बघायला लागेल. गॅस कमी दाबाने, हळूहळू भरू. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ लक्ष ठेवतील, आयसीयूत खाट तयार ठेवू. पण त्याआधी छाती कोरडी पाहिजे, पायावर सूज नको. हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हटलं की तारीख देतो." मग दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, "भोकं लहान आहेत मॅडम. ऑपरेशन लहान नाही."

हे वाक्य मी परत येताना बसभर घोळवलं. नांदुऱ्यात मात्र ते कुणाला पटलं नाही. आमच्या गल्लीत एकाचं पोट फाडून ऑपरेशन झालं होतं तेव्हा दोन गाड्या भरून नातेवाईक गेले होते. दुर्बिणीच्या ऑपरेशनला कुणी कशाला येतंय? भाऊजीसुद्धा फोनवर म्हणाले, "वैनी, दुर्बिनीचं तं हाय. आज गेलं, उद्या घरी. काऊन एवढा घोर लावून राह्यल्या?" मी म्हटलं, नाही हो, घोर कसला. फोन ठेवला. मला माझं असं कुणीच नाही असं वाटलं, आणि ते तसं मीच करून ठेवलं होतं.

तीन मंगळवार

आता ते सांगते जे मी तीन महिने कुणाला सांगितलं नाही.

नांदुऱ्याला रेल्वे आहे, बुलढाण्याला नाही. रेल्वे असती तर हे लिहायची वेळच आली नसती, कारण रेल्वेत सोय असते. एसटीत नसते. मोताळा, मग राजूरचा घाट, असे दोन तास. स्टँडवर उतरावं तर गाडी निघून जाईल ही धास्ती. गाडी थांबवा म्हणावं तर चाळीस माणसं आपल्याकडे बघणार. त्यामुळे प्रवासाच्या दिवशी मी पाण्याची गोळी घेत नसे.

यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. शाळेत बायांसाठी धड सोय नव्हती, आम्ही सगळ्या हेच करायचो. सकाळी अर्धा कप चहा, मग शाळा सुटेपर्यंत पाण्याचा घोट नाही. नव्या आलेल्या शिक्षिकेला हजेरीपटाच्या आधी आम्ही हे शिकवायचो. अठ्ठावीस वर्षांची सवय अंगात मुरलेली. त्यातून माझी आपली एक समजूत, की गोळीचा अंमल दोन दिवस टिकतो. म्हणून मंगळवारच्या प्रवासासाठी मी रविवारपासूनच गोळी बंद ठेवायची.

आदल्या दिवशी भाऊजींकडे मुक्काम करता आला असता. माझी जाऊ मंदा दरवेळी म्हणायची, "ताई, सोमवारीच या ना." पण त्यांच्याकडे बाथरूमचं दार बैठकीत उघडतं, आणि बैठकीत भाऊजी बातम्या लावून बसलेले. त्यांच्यासमोरून सकाळी आठ वेळा जायचं? मी सांगायची, सोमवारी शिवणाचा क्लास असतो.

पहिल्या मंगळवारी हृदयाच्या डॉक्टरांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. छाती ऐकली. "पाणी साठलंय. गोळ्या नियमित घेता ना?"

"हो."

त्यांनी पाण्याची गोळी वाढवून दिली. पुढच्या खेपेला ती वाढवलेली गोळीही मी तितक्याच निष्ठेने बंद ठेवली.

महिन्याभराने दुसरा मंगळवार, तेच. आणखी काही आठवड्यांनी तिसरा. त्या दिवशी ते माझ्यासमोरच सर्जनना म्हणाले, "औषधांना दाद देत नाहीये. हृदय फारच कमजोर दिसतंय. मी ऑपरेशनसाठी फिटनेस देऊ शकत नाही." सर्जनने माझी फाईल बंद केली, आणि ती बंद करताना माझ्याकडे बघितलं नाही.

मला खरंच कळलं नव्हतं का? अर्धं कळलं होतं. अर्ध्याला मी आत येऊ दिलं नाही. साठी उलटलेल्या बाईने दोन परक्या पुरुषांसमोर लघवीचं बोलायचं, यापेक्षा हृदय कमजोर असलेलं बरं, असं माझ्या मनाने ठरवून टाकलं होतं.

ताप

त्यानंतर आठवड्याने भर दुपारी कळ आली, आणि या वेळी हुडहुडी भरून ताप. पोटामुळे बसवेना, छातीमुळे आडवं होता येईना. कापड बेतायच्या टेबलावर दोन्ही हात टेकून मी उभी राहिले.  फोन हातात होता. भाऊजींना लावला असता तर आधी दोन वर्षांचं खोटं निस्तरावं लागलं असतं. कुणाला लावावा, हे ठरेना. मला त्या दुपारी मरणाची भीती वाटली, आणि त्याहून जास्त भीती या गोष्टीची, की दुधवाला येईपर्यंत कुणाला कळणार नाही.

शेवटी रिक्षावाल्याला बोलावलं. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन आणि इंजेक्शनांवर ताप उतरवला. म्हणाले, "या वेळी निभावलं. पुढच्या वेळी आत फुटलं तर ऑपरेशन करायला कुणी धजणार नाही." म्हणजे ऑपरेशन करता येत नाही, आणि न करून चालत नाही. या दोहोंच्या मध्ये मी अडकले होते.

वच्छलाबाई

तापाचं कळल्यावर चौथ्या मंगळवारी सर्जनने मला भूलतज्ज्ञांना दाखवायचं ठरवलं. त्यांनीही नाही म्हटलं तर अकोल्याला पाठवणार होते. मी बाकावर बसले. शेजारी मोताळ्याकडची एक शेतकरी बाई होती, वच्छलाबाई, नऊवारीत, सोबत सून. तिचंही हृदयाचंच दुखणं, तिलाही हर्नियाचं ऑपरेशन सांगितलेलं.

भूलतज्ज्ञ चाळिशीच्या मॅडम. आत गर्दी म्हणून त्या बाहेर येऊन बाकावरच विचारायला लागल्या. मला म्हणाल्या, "आज सकाळच्या सगळ्या गोळ्या घेतल्यात?"

"हो," मी म्हटलं.

मग वच्छलाबाईला. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थे पांढरी नाही घेतली म्या. एस्टीत बसाचं म्हनलं का नाही घेत. मंग मांगं बसून का रडू?"

बाक हसलं. सून खाली बघत पुटपुटली, "माय, हळू बोल ना."

"हळू काऊन? बायले तं इचारून राह्यली ना थे."

मॅडम हसल्या नाहीत. तिच्याजवळ बसल्या, किती दिवस गोळी घेत नाही ते विचारलं, लिहून घेतलं आणि आत गेल्या. मी पदवीधर, अठ्ठावीस वर्षं मास्तरीण, आणि माझ्या शेजारच्या अंगठेबहाद्दर बाईने एका वाक्यात जे सांगितलं ते मला तीन महिन्यांत जमलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की पहिली लाज त्यापुढे बारीक झाली. उठले आणि दार ढकललं.

"मॅडम, मघाशी मी खोटं बोलले."

त्यांनी मान वर केली.

"मी पण घेत नाही. चारही वेळा घेतली नाही. रविवारपासूनच बंद करते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तीन महिने आम्ही तुमचं हृदय तपासत नव्हतो. तुमचा एसटीचा प्रवास तपासत होतो."

मी रडायला लागले. मुसमुसत नाही, चांगली आवाज करून. त्या म्हणाल्या, "मी पण आधी खेड्यातच होते, एसटीनेच जायचे. मला तुम्हाला वेगळं विचारायला पाहिजे होतं. गोळी घेतली का, असं नाही. कोणत्या दिवशी घेत नाही, असं." आणि मग अगदी साधं सांगितलं. गोळी बंद करायची नाही. प्रवास असला तर तिची वेळ पुढेमागे करता येते, पण ती डॉक्टरांना विचारून. आणि गोळी रोज पोटात जावी म्हणून मला त्याच दिवशी दाखल करून घेतलं.

सही

दवाखान्यातले दिवस एकसारखे. सकाळी काट्यावर उभं करायचे, मग गोळ्या, मग भांडं. रोज काटा थोडा खाली. चौथ्या दिवशी माझ्या पायावरची हाडं मला दिसली, किती तरी महिन्यांनी. हृदयाच्या डॉक्टरांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी छाती ऐकली, पुन्हा ऐकली. "हृदय कमजोर आहेच. पण हे वेगळंच हृदय आहे. करू या, जोखीम धरून."

त्या जोखमीच्या कागदावर नातेवाईकाची सही लागते. भाऊजी डबा घेऊन आले होते. ते आयुष्यभर कोर्टात कागद वाचत आले, न वाचता सही करणं त्यांना ठाऊक नाही. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"वैनी, हे हृदयाचं काय लिहून राह्यले?"

मी सगळं सांगितलं. दोन वर्षांचं.

"मले काऊन नाही सांगितलं?" त्यांनी कागद खाटेवर ठेवला. "दादाचं असंच झालं. त्यानंही सांगितलं नोतं."

ते उठून बाहेर गेले. मंदा माझ्याजवळ बसून माझ्या चादरीची घडी नीट करत राहिली. मला वाटलं, आता हे सही करणार नाहीत. थोड्या वेळाने ते सर्जनला घेऊनच आले. आता त्यांचं म्हणणं उलटं झालं होतं. "मंग मोठंच ऑपरेशन करा ना साहेब. हे दुर्बीन-फिर्बीन कशाले? गॅस तरी नाही भराव लागत."

सर्जनने त्यांना समजावलं. पोट मोठं फाडलं तर नंतर दुखण्याने खोल श्वास घेता येत नाही, माणूस दिवसेंदिवस खाटेवर पडतो, आणि कमजोर हृदयाला ते फार जड जातं. दुर्बिणीत जड असतो तो गॅसचा वेळ. तेवढ्या वेळात लक्ष ठेवायला आम्ही सगळे तिथे असतो. हृदयाने ऐकलं नाही तर गॅस लगेच सोडून देऊ. "दोन्हीत जोखीम आहे काका. या बाईंसाठी मला दुर्बिणीतली कमी वाटते."

भाऊजींनी सही केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता एकट्या राहू नका म्हननार नाही मी. पन खरं तं सांगत जा."

खांदा

थिएटरमध्ये मला पूर्ण आडवं केलं नाही, डोकं वर ठेवलं. भूलतज्ज्ञ मॅडमनी हात धरून विचारलं, "वच्छलाबाई आठवतात का?" मी हो म्हटलं, आणि पुढचं काही आठवत नाही.

जाग आली ती उजव्या खांद्यातल्या कळेने. खांदा, मान, सगळं. मला वाटलं, झालं, हृदयच गेलं. बोलता येईना. मी सिस्टरचा हात इतका घट्ट धरला की ती ओरडलीच. मग तिने मॉनिटर बघितला. "काही नाही झालं मावशी. गॅस हाय तो. उरलेला गॅस खांद्यातच दुखतो सगळ्यांचा. दोन दिवसांत जाते." हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतेय. तरी तिनेही आधी मॉनिटर बघितला आणि मगच सांगितलं, तसा तुमचाही आधी बघू द्या.

ती रात्र आणि पुढचा दिवस आयसीयूत गेला. भेटायला दोघांनाच सोडायचे, आणि दोघंच आले. गाड्या भरून कुणी आलं नाही. मला वाईट वाटलं, ते खोटं कशाला सांगू. पण दोन दिवसांनी मी चालत बाथरूमला गेले, आणि चारच दिवसांनी घरी सोडलं. पंधरा दिवस भाऊजींकडे राहिले. बैठकीतून रोज सकाळी आठ वेळा गेले. भाऊजी बातम्यांचा आवाज मोठा करायचे, त्यांचा तो समंजसपणा मला पुरला.

मोताळा

मग मी नांदुऱ्याला परतले, माझ्या खिडकीत. हृदय तेवढंच थकलेलं आहे, संध्याकाळ तेवढीच लांब आहे. ऑपरेशनने एकटेपण बरं होत नाही. मागच्या मंगळवारी तपासणीला निघाले. मॅडमनी सांगितलेल्या वेळेला गोळी घेतली होती, पण त्या दिवशी गाडीच उशिरा आली. मोताळ्याच्या अलीकडे मला कळलं की घाट संपेपर्यंत दम निघणार नाही. जुनी सवय म्हणाली, पाय आवळून बस. मी पाच मिनिटं बसलेही. मग उठले, दांड्याला धरून पुढे गेले.

"भाऊ, मला हृदयाचा आजार आहे. पाण्याची गोळी घेतलीय. मोताळ्याला मला लघवीला उतरायचंय, गाडी थांबवून ठेवावी लागेल."

माझा आवाज बहुतेक मोठा लागला असावा. अख्खी गाडी माझ्याकडे बघायला लागली. कंडक्टर पोरगेलासा, त्याने एकदा माझ्याकडे, एकदा घड्याळाकडे बघितलं. "थांबवतो ना मावशी. आरामात जा."

गाडी थांबली. मी कुणाकडे न बघता उतरले आणि चालायला लागले. मागे पायऱ्यांवर चपलांचा आवाज आला, म्हणून वळून बघितलं. एक लेकुरवाळी मूल शेजारणीच्या मांडीवर देऊन उतरत होती. तिच्यामागे कॉलेजच्या दोन मुली. त्यांच्यामागे एक शिक्षिका असावी, पर्समध्ये वह्या. मग आणखी दोघी, मग काठी टेकत एक म्हातारी.  आम्ही एकामागे एक चालत गेलो.

परत आल्यावर कंडक्टरने दारातून विचारलं, "आल्या का सगळ्या?"

"नाही," मी म्हटलं. "एक आजी यायच्या आहेत अजून."

त्याने घंटीच्या दोरीवरचा हात काढला, आणि आम्ही सगळे थांबलो.